तापमापकाच्या गळ्यातला मफलर

"सर, थंडी पडणार की नाही हे तुम्ही सगळ्या गावाला सांगता. पण सकाळी घरून निघताना स्वेटर घालायचा की नाही, हे तुम्हाला कोण सांगतं?"

हा प्रश्न मी विचारला. शाळेच्या सभागृहात, उभं राहून, माईक हातात घेऊन. गेल्या वर्षी मी हजेरीला "उपस्थित" म्हणायच्या आधीसुद्धा घसा साफ करून घ्यायचे, आणि तोवर बाई पुढच्या नंबरावर गेलेल्या असायच्या. माझी निम्मी गैरहजेरी त्या घशामुळे लागलेली आहे. यंदा मात्र माझ्यात काहीतरी बदललंय. मला वाटतं, आत्मविश्वास. आई म्हणते, उंची.

प्रश्न मूळचा माझा नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगून टाकते. हवामान कार्यालयातले एक साहेब आम्हाला थंडीच्या लाटेविषयी माहिती द्यायला आले होते. पाऊण तास बोलून झाल्यावर त्यांनी "काही शंका?" असं विचारलं आणि सभागृहात अशी शांतता पसरली की पंखा बंद असल्याचंही ऐकू यावं. तेवढ्यात चष्मिश माझ्या कानात म्हणाली, "विचारून दाखव." पलीकडून नाकतोडा म्हणाली, "ही कसली विचारतेय. हिची छाती नाही. लाव पैज." चष्मिश चष्मा लावते आणि नाकतोडा लांब उडी मारते. मैत्रिणींना नावं ठेवण्यात आम्ही फारसं डोकं चालवत नाही.

साहेबांनी गळ्यातला करडा मफलर नीट केला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बायको. रोज निघताना तिलाच विचारतो."

सभागृह हसलं. मीही हसले. तो विनोद नसून ती कामाची पद्धत होती, हे कळायला मला सहा दिवस लागले.

"तुझा आवाज चांगला आहे," साहेब पुढे म्हणाले. "असा आवाज नुसता प्रश्न विचारण्यात वाया जाऊ नये." आणि त्यांनी पिशवीतून एक लांबट तापमापक काढून माझ्या हातात ठेवला. रोज सकाळी साडेसहाला आकडा बघायचा, शाळेच्या फळ्यावर लिहायचा, पंधरा दिवस. थंडीची लाट येणार हे नक्की, कुठल्या दिवशी ते अजून सांगता येत नव्हतं. नियम चारच: तापमापक सावलीत हवा, त्याला वारा लागायला हवा, जमिनीपासून चार फूट वर हवा, आणि त्याला हात लावायचा नाही, अंगाची ऊब लागते. मुख्याध्यापिका बाईंनी तिथल्या तिथे फाटकाजवळचा मोठा फळा माझ्या नावावर केला आणि वर स्वतःच्या अक्षरात मथळा लिहिला: "थंडी: काय अपेक्षा ठेवावी".

नाकतोडाने पैज हरल्याबद्दल माझं दप्तर घरापर्यंत वाहिलं. तापमापक मात्र मी कोणाला दिला नाही.

आता प्रश्न होता तो टांगायचा कुठे. शनिवारी सकाळी मी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांकडे गेले. काका एका कार्यालयातून निवृत्त झालेत, जिथे त्यांनी तीस वर्षं फायली या टेबलावरून त्या टेबलावर पाठवल्या. आता टेबल एकच उरलंय, म्हणून ते माणसं पाठवतात.

"काका, भिंतीला एक खिळा मारायचाय."

"कुठल्या भिंतीला?"

"बाहेरच्या."

"बाहेरची भिंत सोसायटीची."

"मग आतल्या भिंतीला मारू?"

"आतली तुमची. खुशाल मार. पण घरातली थंडी मोजून काय करणार?"

हे त्यांनी इतक्या सहानुभूतीने विचारलं की मी खिळा परत खिशात टाकला. शेवटी अर्ज करायचं ठरलं. दोन प्रतींत, खिळ्याच्या लांबीसह. मी अर्ज लिहून नेला तेव्हा कळलं की कमिटी महिन्याच्या पहिल्या रविवारी बसते आणि पहिला रविवार नुकताच होऊन गेलाय. "घाई कसली आहे? थंडी काय, दरवर्षी येते," काका म्हणाले आणि अर्जावर "विचाराधीन" असं लिहून तो एका जाड फायलीत घातला. त्या फायलीत आमच्या बाबांचा, पाण्याच्या गळतीबद्दलचा अर्जही आहे. तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे.

तोवर ही बातमी जिन्यात पसरली होती. वॉचमनदादा म्हणाले, माझ्या खुर्चीच्या पाठीला बांध, मी हलत नाही. वरच्या मजल्यावर राहणारे दातांचे डॉक्टर म्हणाले, भोक पाडायचं असेल तर मला बोलव, आवाजसुद्धा होणार नाही. आणि खालच्या काकूंनी मला दारातच अडवलं.

"कशाला हवंय ते काचेचं? मला विचार. थंडी यायच्या दोन दिवस आधी माझा उजवा गुडघा ठणकतो. पंधरा वर्षांत एकदाही चुकला नाही."

"काकू, विज्ञानात गुडघा चालत नाही," मी म्हणाले.

"माझाही फारसा चालत नाही. पण सांगतो बरोबर."

शेवटी मी तापमापक आमच्या बाल्कनीत, कपडे वाळत घालायच्या दांडीला तारेने टांगला. सावली होती, वारा होता, चार फूट मी पट्टीने मोजले. आजूबाजूला आमच्या घरातले कपडे आणि गावातली निम्मी कबुतरं होती, पण कपडे आणि कबुतरं यांच्याबद्दल साहेबांच्या नियमांत काही नव्हतं. रविवारी सकाळी पारा पंधरावर होता. मी वहीत लिहिलं, खाली सही केली आणि थोडा वेळ त्या सहीकडे बघत बसले.

सोमवारी साडेसहाला मी टॉर्च घेऊन बाल्कनीत गेले, तर तापमापकाच्या खालच्या टोकाला बाबांचा टोमॅटो रंगाचा मफलर गाठ मारून बांधलेला. वरचे आकडे तेवढे दिसत होते.

इथे मला आमच्या घरातला एक अलिखित नियम सांगायला हवा. आमच्याकडे कोणी कोणाला काही विचारत नाही. कारण विचारलं की ते काम विचारणाऱ्याच्या गळ्यात पडतं. "गॅस संपला का?" असं जो विचारतो, त्याला नवा सिलेंडर लावावा लागतो. "हा बल्ब कधीपासून गेलाय?" असं बाबांनी दोन वर्षांपूर्वी सहज विचारलं, तेव्हापासून घरातल्या प्रत्येक बल्बसाठी स्टुलावर तेच चढतात. त्यामुळे समोर काहीही विचित्र दिसलं तरी त्यामागे कोणाचं तरी कारण असणार असं मानून आम्ही पुढे जातो. अशाने घरात शांतता राहते.

म्हणून मीही विचारलं नाही. मी मनाशी ओळखलं की हे बाबांचं काम. बाबांना थंडीचा फार धाक. त्यांना वाटलं असेल, पोरीचं यंत्र रात्रभर उघड्यावर कुडकुडतंय. मला भरून आलं. पारा नऊवर होता. मग माझं शास्त्रीय डोकं चालू लागलं: मफलरने तर ऊब येते. म्हणजे मफलर असून नऊ, तर खरी थंडी त्याहूनही जास्त असणार. नियमाप्रमाणे मी हात लावला नाही. शाळेत जाऊन फळ्यावर लिहिलं:

"आजचं तापमान नऊ. काय अपेक्षा ठेवावी: थंडी. जास्त अपेक्षा ठेवली तरी निराशा होणार नाही."

मंगळवारी पारा आठवर गेला. मफलर होताच. "दात वाजतील. वाजू द्यावेत. गणिताच्या तासाला वाजले तर त्याला भीती समजू नये."

बुधवारी सात. "आंघोळीबाबत प्रत्येकाने आपापल्या विवेकाने निर्णय घ्यावा."

तुम्ही म्हणाल, बाकीच्यांना कळलं कसं नाही? अंगाला थंडी लागतेय की नाही, हे काय फळ्यावर वाचावं लागतं? लागतं. हा मी स्वतः लावलेला शोध आहे. सोमवारी सकाळी फाटकातून येणारी मुलं फळ्यापर्यंत हात हलवत यायची आणि फळा वाचला की हात खिशात घालायची. मंगळवारी खेळाचे सर माकडटोपी घालून आले. शिट्टी तोंडात घालायला ती वर करावी लागायची आणि ऐकू यायला पुन्हा वर करावी लागायची. शाळेच्या कार्यालयातल्या क्लार्कनी खिडकी बंद करून घेतली आणि फटीतून जेवढा आत जाईल तेवढाच अर्ज घ्यायला सुरुवात केली. सेक्रेटरीकाकांनी सोसायटीत सूचना लावली: "फ्लॅट क्रमांक अकरामधील अधिकृत नोंदीनुसार पारा घसरत असून सभासदांनी वयोवृद्धांची काळजी घ्यावी." ही तीच नोंद, जिला त्यांनी एक खिळा दिला नव्हता.

पुरावाच हवा असेल तर तो आमच्या घरात शिंकत होता. मंगळवारपासून बाबांना सणकून सर्दी झाली होती. नाक लाल, डोळे पाणावलेले, गळा उघडा. मी वहीत "नागरिकांच्या प्रकृतीवर परिणाम" असा नवा रकाना आखला आणि त्यात बाबांना घातलं.

फक्त खालच्या काकू बधत नव्हत्या. सुती साडीत, पदर खोचून, दारात तांब्या घासत बसलेल्या.

"काकू, पारा सातवर आलाय."

"असेल. माझा गुडघा काही बोलत नाही."

"गुडघ्यापेक्षा पारा जास्त अचूक असतो."

"असेल बाई. पाऱ्याला सांधे नसतात, त्याला काय कळणार."

बुधवारी मुख्याध्यापिका बाईंनी मला खोलीत बोलावलं. त्या खोलीत मी आजवर फक्त वह्यांचा गठ्ठा ठेवायला गेले होते. त्या दिवशी बाईंनी मला बसायला सांगितलं.

"शनिवारी आपला क्रीडादिन आहे," बाई म्हणाल्या. "लहान मुलं पहाटेपासून मैदानावर असतील. तुझं काय मत? काय अपेक्षा ठेवावी?"

माझं मत. मुख्याध्यापिका. खुर्ची. कोणाही समजूतदार माणसाने इथे म्हटलं असतं की बाई, मी एकदा कार्यालयातल्या साहेबांना विचारते. पण विचारण्याची आमच्या घरात पद्धत नाही, आणि खुर्ची फार मऊ होती.

"पाचपर्यंत उतरेल, बाई," मी म्हणाले. घसा साफ न करता.

दुपारी सूचना फिरली. गुरुवारपासून शाळा तासभर उशिरा भरणार, आणि क्रीडादिन पुढील सूचना मिळेपर्यंत रद्द. तासभर जास्त झोप मिळवून देणाऱ्या माणसाला मुलं काय मानतात, हे मी शब्दांत सांगू शकत नाही. पाचवीतल्या एका मुलीने माझी सही घेतली. चष्मिश माझी सेक्रेटरी असल्यासारखी पुढे चालत "रस्ता द्या" म्हणत होती.

नाकतोडा मात्र मागून बुटातली वाळू झटकत येत होती. ती जूनपासून रोज शाळा सुटल्यावर वाळूच्या खड्ड्यात उड्या मारत होती. शनिवारी जिल्ह्याच्या संघासाठी मुली निवडणारे पाहुणे येणार होते, आणि ते फक्त शनिवारीच येणार होते. तिच्या वयोगटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. मी तिला म्हणाले, "सॉरी गं." ती म्हणाली, "तू काय करणार? थंडी काय तू आणलीस?"

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी मैदानावरून चालले होते, तर ती पुन्हा त्या खड्ड्यात. अनवाणी, अर्ध्या बाह्यांचा टीशर्ट, कपाळावर घाम.

"अगं, स्वेटर कुठाय? थंडी वाजत नाही तुला?"

ती कडेला बसली आणि पायाची वाळू झाडत राहिली. "नाही वाजत. तेच कळत नाहीये मला. कालही नाही वाजली. सकाळी पण नाही. सगळे कुडकुडतायत, फळ्यावर सात लिहिलंय, आणि मला काहीच होत नाही. आईला सांगणार होते, पण म्हटलं उगाच डॉक्टरकडे नेईल." मग दुसरा पाय झाडत म्हणाली, "माझ्यात काही बिघाड असेल का गं?"

मी माझ्या स्वेटरची वरची दोन बटणं काढली. मग खालची. मला प्रचंड उकडत होतं. सोमवारपासून उकडत होतं. फक्त मी ते स्वतःला विचारलं नव्हतं.

घरी येऊन मी हवामान कार्यालयाला फोन लावला. ज्यांनी उचलला ते म्हणाले, थंडीबद्दल तक्रार असेल तर लेखी कळवा. मी म्हणाले, तक्रार माझ्याबद्दल आहे. असा फोन त्यांना पूर्वी आला नसावा, कारण त्यांनी लगेच साहेबांना जोडून दिला.

"आज सकाळी किती होतं तुझ्याकडे?" साहेबांनी विचारलं.

"सात. तुमच्याकडे?"

"चौदा." पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "तापमापकाला काही लागलंय का?"

"काही नाही, सर. नुसता बाबांचा मफलर आहे."

"नुसता मफलर," साहेब म्हणाले. "कोरडा की ओला?"

मी बाल्कनीत जाऊन पहिल्यांदाच त्याला हात लावला. "कोरडा आहे, सर."

"आत्ता कोरडा. सकाळी?"

"माहीत नाही."

"मग घरी विचार. ओलं कापड वाळताना ऊब ओढून घेतं. ओल्या तोंडाला वारा लागला की गार वाटतं ना, तसंच. तापमापकाच्या टोकाला ओलं कापड असेल तर तू थंडी मोजलीच नाहीस, हवेचा कोरडेपणा मोजलास. त्यासाठी आम्ही मुद्दाम ओलं फडकं गुंडाळून वेगळा तापमापक ठेवतो. ते काम तू नकळत फार नियमित केलंस."

"म्हणजे लाट?"

"येईल. बुधवारच्या आसपास. शनिवारी स्वच्छ ऊन. पण मुली, आधी घरी विचार. आमच्या कामात तापमापकाच्याही आधी तेच लागतं. मी सांगितलं होतं ना तुला, मी बायकोला विचारतो म्हणून."

मी ते हसण्यावारी नेलं होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

आई-बाबा कामावरून आले. चहा झाला. मग आमच्या घरात कित्येक वर्षांत झालं नव्हतं ते झालं. मी सरळ विचारलं, "तापमापकाला मफलर कोणी बांधला?"

दोघांनी एकमेकांकडे असं बघितलं, जणू मी स्टूल आणून समोर ठेवलंय.

"मी बांधला," आई म्हणाली. "रविवारी संध्याकाळी धुतला होता. चिमटे संपले, वारा सुटलेला, म्हणून जवळ काय होतं त्याला गाठ मारली. सोमवारी काढायला निघाले तर हे म्हणाले, राहू दे."

"म्हणजे काय, हिच्या प्रयोगाला लागत होता ना," बाबा शिंकून म्हणाले. "हिनेच नव्हतं का सांगितलं, त्या साहेबांच्या गळ्यातही मफलर होता? मला वाटलं, त्यांच्यात तशी पद्धत असेल. माझा मफलर विज्ञानाच्या कामी येतोय, मी चार दिवस उघड्या गळ्याने फिरलो. कोणाला बोललो का?"

"आणि सकाळी तो ओला असायचा?" मी विचारलं.

"असणारच," आई म्हणाली. "रात्रभर कबुतरं बसतात त्यावर. रोज सहाला सोडून, स्वच्छ धुऊन, पिळून, होती तशी गाठ मारून ठेवत होते. विज्ञान असलं म्हणून काय घाण तशीच ठेवायची?"

मग मी दोघांना सगळं सांगितलं. सात म्हणजे चौदा. खुर्ची. क्रीडादिन. वाळूचा खड्डा. बाबांनी नाक पुसलं आणि म्हणाले, "म्हणजे मला सर्दी थंडीने नाही झाली?"

"तुम्हाला सर्दी विज्ञानाने झाली," आई म्हणाली.

तेवढ्यात दार वाजलं. खालच्या काकू होत्या, जिना चढून आलेल्या, कठड्याला धरून. "सांगायला आले. गुडघ्यात आत्ता कुठे बारीक कळ यायला लागलीय. सोमवारी ठणकायला लागेल, बुधवारपर्यंत बघ थंडी." मी त्यांना खुर्ची दिली. साहेबांचं आणि गुडघ्याचं एकमत झालंय, हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "साहेब चांगला अभ्यासू दिसतो."

काकू गेल्यावर दोघांचे सल्ले सुरू झाले. आई म्हणाली, "चारचौघांत कशाला? मी चिठ्ठी लिहून देते, बाईंना एकटीला भेट आणि दे." बाबा म्हणाले, "तापमापकात बिघाड होता असं सांग. खोटंही नाही ते. गळ्याला ओला मफलर बांधला तर कोणीही बिघडेल." दोघंही माझ्या बाजूने बोलत होते आणि दोन्ही सल्ले फार आरामाचे होते. चिठ्ठीने फार तर बाईंना कळलं असतं. फळ्यावर उद्या हळूच आकडा वाढवला असता, परवा आणखी थोडा, आणि थंडी माझ्या परवानगीने ओसरली असती. पाचवीतल्या मुलीकडची सही शाबूत राहिली असती. पण मग शनिवारचे पाहुणे दुसऱ्या शाळेत गेले असते, आणि नाकतोडाला शेवटपर्यंत वाटत राहिलं असतं की बिघाड तिच्यात आहे.

मी उभी राहिले. घसा साफ केला. या वेळी मुद्दाम, कारण बोलायचं बरंच होतं.

"आई, बाबा, मी ठरवलंय. उद्या प्रार्थना झाली की मी माईक मागणार आहे. सगळ्यांना सांगणार आहे की चार दिवस मी चुकीचं लिहिलं, थंडी नव्हती आणि ज्यांना वाजली नाही त्यांची तब्येत ठणठणीत आहे. मग बाईंना सगळ्यांसमोर विचारणार आहे की क्रीडादिन शनिवारीच ठेवाल का. नाही म्हणाल्या तर साहेबांचा फोन नंबर देऊन परत विचारणार. हसू देत सगळ्यांना. बाबा, तुमचा मफलर मी उद्या पुरावा म्हणून नेतेय, सर्दी अजून एक दिवस सांभाळा. आणि आई, तो सकाळी रोजच्यासारखा धुऊन देशील का? दाखवायला मला ओलाच लागणार आहे."